जिथे कोणालाच प्रवेश नव्हता : इजिप्तमधील देवळे आणि थडगी समजून पाहताना

गिझा येथील ग्रँड इजिप्शियन म्युझियमचे १ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिकृत उद्घाटन झाले आणि तुतनखामून या ऐन तारुण्यात मरण पावलेल्या राजाच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू, थडगे सापडल्यापासून म्हणजे १९२२ पासून प्रथमच, एकत्र मांडल्या गेल्या. या निमित्ताने इजिप्तविषयीचे कुतूहल पुन्हा चाळवले गेले आहे. परंतु सहलीची कार्यक्रमपत्रिका हातात घेतली की गोंधळाला सुरुवात होते. गिझा, सक्कारा, कर्नाक, देर अल-बहरी, एडफू, फिले, अबू सिम्बेल ही नावे एकापाठोपाठ एक येतात. त्यांतील थडगे कोणते, देऊळ कोणते आणि कोण कोणापेक्षा किती जुने, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. परिणामी चौथ्या दिवसापर्यंत पाहणारा थकतो आणि सगळे खांब त्याला सारखेच दिसू लागतात.

या गुंत्यातून वाट काढायला एक प्रश्न फार उपयोगी पडतो : ही वास्तू वापरात होती तेव्हा तिच्या आत पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाला होता? बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर "जवळजवळ कोणालाही नाही" असे येते, आणि मग त्या वास्तूचा आकार, तिच्यातील अंधार, भिंतींवरील चित्रांची जागा या सगळ्यांचा अर्थ लागू लागतो.

आधी नदी आणि सूर्य

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून नकाशात खाली दिसणाऱ्या दक्षिणेकडील प्रदेशाला 'वरचा इजिप्त' म्हणतात. नदीच्या दोन्ही काठांना सुपीक जमिनीची अरुंद पट्टी आणि तिच्यापलीकडे लगेच वाळवंट, असा हा देश आहे. शेतजमीन एवढी मोलाची असल्यामुळे मृतांना कोरड्या वाळवंटाच्या कडेला नेणे व्यवहाराचेही होते. त्यात सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, यावरून पूर्व ही जन्माची आणि पश्चिम ही मृत्यूची दिशा मानली गेली. लक्झर शहरात ही मांडणी स्पष्ट दिसते : कर्नाक आणि लक्झर ही देवळे पूर्वतीरावर, तर राजांची दरी (जिथे राजांची थडगी आहेत) आणि मृत राजांसाठी बांधलेली देवळे पश्चिमतीरावर आहेत. हा नियम सार्वत्रिक मात्र नाही. बेनी हसन आणि अमार्ना येथील थडगी पूर्वतीरावर आहेत, आणि एडफूचे देऊळ पश्चिमतीरावर असूनही त्याचा दफनाशी संबंध नाही.

कालखंड तीन लक्षात ठेवले तरी पुरे. पिरॅमिडे मुख्यतः प्राचीन राज्याच्या काळातली, म्हणजे स्थूलमानाने इ. स. पू. २७०० ते २२०० मधली. कर्नाकचा मोठा भाग आणि राजांची दरी नव्या राज्यातली, इ. स. पू. १५५० ते १०७० मधली. एडफू, कोम ओम्बो, देंडेरा आणि फिले येथे आज उभी असलेली देवळे प्रामुख्याने ग्रीक वंशाचे टॉलेमी राजे आणि त्यांच्यामागून आलेले रोमन सम्राट यांच्या काळातली आहेत. एडफूच्या देवळाचा पाया घातला गेला तेव्हा गिझाचा मोठा पिरॅमिड तेवीसशे वर्षांचा झालेला होता, हे डोळ्यांसमोर ठेवले तर सगळे एकाच 'प्राचीन इजिप्त'च्या गाठोड्यात बांधण्याची चूक टळते.

थडग्याचे दोन भाग

मृत्यूनंतरही माणसाची जीवनशक्ती टिकते, तिला राहायला देह लागतो आणि जगायला अन्न लागते, अशी इजिप्शियन लोकांची श्रद्धा होती. या जीवनशक्तीला ते 'का' म्हणत. देह टिकावा म्हणून त्याची ममी करीत. त्यासाठी आतले अवयव काढून देह नेट्रॉन नावाच्या क्षारात सुकवीत, आणि सगळा विधी परंपरेने ७० दिवसांचा असे. हृदय मात्र देहातच ठेवत, कारण परलोकात न्यायनिवाड्याच्या वेळी ते सत्याचे प्रतीक असलेल्या पिसाशी तोलले जाणार होते. (ममी पाहायला इजिप्तलाच जावे लागते असे नाही, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातील संग्रहालयात एक आहे.)

या श्रद्धेतून थडग्याचे दोन भाग झाले. एक, जमिनीखालील दफनकक्ष, जो एकदा बंद केला की कोणीही उघडायचा नाही. दुसरा, जमिनीवरील पूजास्थान, जिथे नातलग किंवा पुरोहित येऊन अन्न ठेवीत. सक्कारा येथे वझीर मेरेरुका याचे थडगे आहे, त्यात हा दुसरा भाग उत्तम दिसतो. खोल्यांच्या भिंतींवर मासेमारी, शेती, कारागिरी कोरलेली आहे. एका चित्रात नोकर तरसाला उताणे पाडून त्याच्या तोंडात बळेच खाणे कोंबत आहेत. आणि खांबांच्या दालनात, भिंतीतल्या कोनाड्यातून मेरेरुकाचा पूर्णाकृती पुतळा एक पाऊल पुढे टाकून बाहेर येताना दाखवला आहे, समोर नैवेद्याचा दगड. त्या दगडापर्यंत येण्याची जिवंत माणसांना मुभा होती; त्याच्यापलीकडचा सगळा प्रदेश मेरेरुकाचा.

पिरॅमिडही याच साच्यातला आहे. सक्कारा येथेच, इ. स. पू. २६५० च्या सुमारास, राजा जोसेर याच्यासाठी सहा टप्प्यांचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला आणि त्याची रचना परंपरेने इमहोतेप या अधिकाऱ्याच्या नावावर आहे. पुढे दाहशूरला राजा स्नेफेरू याच्या पिरॅमिडचा उतार अर्ध्यावरच कमी करावा लागला, त्यामुळे तो वाकलेला दिसतो. त्याच राजाचा नंतरचा लाल पिरॅमिड मात्र सरळ बाजूंचा झाला आणि त्याचा मुलगा खुफू याने गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड बांधला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती. पाहणारे केवळ या त्रिकोणापाशी थांबतात. पण पूर्वेला पिरॅमिडला लागून पूजेचे देऊळ, तिथून खाली उतरणारा दगडी रस्ता आणि नदीच्या बाजूला दुसरे देऊळ असा सगळा संच होता. पिरॅमिड हा त्यातला कायमचा बंद भाग होय. म्हणूनच खुफूच्या पिरॅमिडच्या आत, घामाघूम होऊन वर चढल्यावर, चित्र किंवा लेख काहीही दिसत नाही. ज्यांना आत काही वाचायचे आहे त्यांनी सक्कारा येथील राजा उनास याच्या लहानशा, बाहेरून ढिगाऱ्यासारख्या दिसणाऱ्या पिरॅमिडचा विचार करावा, इ. स. पू. २३५० च्या सुमाराचे तिथले भिंतभर मंत्र हे अशा मंत्रांचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण आहे, आणि त्यावरचे छत ताऱ्यांनी भरलेले आहे.

नव्या राज्याच्या राजांनी हे दोन भाग एकमेकांपासून तोडले. उंच पिरॅमिड म्हणजे चोरांना दिलेले आमंत्रणच होते, म्हणून दफनकक्ष डोंगरामागच्या दरीत लपवले गेले आणि पूजेची देवळे अलीकडे, शेताच्या कडेला बांधली गेली. राणी हत्शेप्सुतचे देर अल-बहरी येथील सज्ज्यांचे देऊळ आणि राजांची दरी यांच्यामध्ये केवळ एक कडा आहे. एक बाजू लोकांना दिसावी म्हणून, दुसरी कोणाला कळू नये म्हणून. दरीतील थडग्यांच्या भिंतींवर सूर्याचा रात्रीच्या बारा तासांचा पाताळप्रवास रंगवलेला आहे, कारण राजाला सूर्याबरोबर पहाटे पुन्हा उगवायचे होते. थुटमोस तिसरा याच्या थडग्यात या आकृती नुसत्या रेघांच्या, काडीकाडीच्या आहेत, जणू पपायरसची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची) गुंडाळी भिंतीवर उलगडली आहे. सुमारे दीडशे वर्षांनंतरच्या सेती पहिला याच्या थडग्यात तेच विषय पूर्ण रंगांत आणि उठावात येतात.

लपवूनही उपयोग झाला नाही, हे खरे. नव्या राज्याच्या अखेरीस बहुतेक थडगी फोडली गेली आणि पुरोहितांनी राजांचे देह गोळा करून दुसरीकडे दडवले. त्यांतला एक साठा १८८१ मध्ये देर अल-बहरीजवळ अधिकाऱ्यांच्या हाती लागला. रामसेस दुसरा त्यातच होता. तुतनखामूनचे थडगे वाचले ते पुराच्या गाळामुळे आणि वरच्या बाजूला पुढच्या काळात मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्यामुळे.

देऊळ : देवाचे राहते घर

आपल्याकडच्या देवळाशी इथे एक तुलना खरोखर उपयोगी पडते. गाभाऱ्यात देव, तिथे पुजाऱ्याची ये-जा, पहाटे देवाला जागे करणे, स्नान, वस्त्रे, नैवेद्य आणि तो दाखवून झाल्यावर माणसांनी घेणे, हा क्रम मराठी वाचकाला अगदी ओळखीचा वाटेल, कारण इजिप्शियन देवळातही रोज जवळपास हेच चाले. फरक पुढे आहे. आपल्या देवळाचा सभामंडप भक्तासाठी असतो आणि दर्शन हा देवळात जाण्याचा हेतू असतो. इजिप्तमध्ये सामान्य माणसाला दर्शन नव्हते. मूर्ती लाकडी वा दगडी देव्हाऱ्यात, दारे लावून ठेवलेली असे. तिच्यासमोर जाण्याचा अधिकार तत्त्वतः एकट्या राजाला आणि व्यवहारात त्याच्या वतीने प्रमुख पुरोहिताला होता. भिंतींवर सर्वत्र राजाच पूजा करताना दिसतो याचे कारण हेच.

देवळाची रचना या बंदीभोवती आखलेली आहे. आधी पायलॉन, म्हणजे आत झुकलेल्या बाजूंचे दोन प्रचंड बुरूज आणि मध्ये दार. मग उघडे अंगण, मग खांबांचे दालन, मग लहान खोल्या आणि शेवटी गाभारा. आत जावे तशी जमीन थोडी थोडी चढते, छत खाली येते आणि उजेड कमी होत जातो. एडफूच्या होरस देवाच्या देवळात हे अंगावर अनुभवता येते, कारण ते जवळजवळ अखंड उरले आहे. इ. स. पू. २३७ मध्ये सुरू झालेले हे काम इ. स. पू. ५७ मध्ये पूर्ण झाले, पण गाभाऱ्यातला गुळगुळीत दगडी देव्हारा त्याहूनही जुना, शेवटच्या देशी राजांपैकी नेक्तानेबो दुसरा याच्या काळातला आहे.

कर्नाक मात्र असे एका आराखड्यातले देऊळ नाही. तिथे साधारण दोन हजार वर्षे भर पडत गेली, आणि बरीचशी भर बाहेरच्या बाजूला पडली. त्यामुळे दारातून आत चालत जाणे म्हणजे बरेचसे काळात मागे जाणे ठरते. सर्वांत बाहेरचा पायलॉन सर्वांत अलीकडचा आणि अर्धवट राहिलेला आहे. त्याच्या आतल्या अंगाला कच्च्या विटांच्या उतरणीचा ढिगारा आजही आहे, ज्यावरून दगड वर चढवले जात. काम पूर्ण झाले असते तर तो काढून टाकला गेला असता. मार्गदर्शक त्याच्यावरून पटकन पुढे नेतात. माझ्या मते कर्नाकमध्ये पाहण्यासारख्या पहिल्या तीन गोष्टींत तो यावा, कारण "एवढे उंच कसे बांधले" या प्रश्नाचे उत्तर तिथे मातीच्या रूपात पडलेले आहे. त्यानंतर सेती पहिला आणि रामसेस दुसरा यांचे १३४ खांबांचे दालन येते. मधले बारा खांब सुमारे २१ मीटर उंच, बाजूचे कमी उंच. उंचीच्या या फरकात दगडी जाळ्यांच्या खिडक्या बसवल्या होत्या आणि उजेड केवळ तिथूनच उतरत असे. छत गेल्यामुळे आज दालन उन्हाने भरलेले दिसते, म्हणून मूळ परिणाम समजायला कल्पनेचा आधार घ्यावा लागतो.

मग सामान्य माणसाने काय करायचे?

देव बाहेर आला की त्याला भेटायचे. ओपेत या उत्सवात अमून देवाची झाकलेली मूर्ती होडीच्या आकाराच्या पालखीत कर्नाकहून लक्झरच्या देवळाकडे नेली जाई आणि लोक मार्गावर जमत. या दोन देवळांना जोडणारा, दुतर्फा स्फिंक्सांच्या (सिंहाचे धड असलेल्या मूर्तींच्या) रांगा असलेला सुमारे २.७ किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. दुसऱ्या एका उत्सवात अमून नदी ओलांडून पश्चिमतीरावरच्या देवळांना भेट देई आणि त्या वेळी कुटुंबे आपापल्या थडग्यांपाशी जेवणे करीत.

दुसरी सोय भिंतीबाहेर होती. कोम ओम्बोच्या देवळात मागच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला दगडात कान कोरलेले आहेत. आत जाता न येणाऱ्याने तिथे उभे राहून आपले गाऱ्हाणे देवाच्या कानी घालायचे.

"हे सगळे गुलामांनीच बांधले ना?"

ही समजूत फार पक्की आहे, परंतु पुरावा वेगळे सांगतो. गिझा येथे १९९० पासून पिरॅमिड बांधणाऱ्यांची स्वतःची थडगी सापडत गेली. जवळच्या वस्तीच्या उत्खननात भट्ट्या आणि गुराढोरांच्या हाडांचे ढीग मिळाले. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेने गिझाला नेण्याच्या फेऱ्या त्यात नोंदवलेल्या आहेत. ही खुफूच्याच काळातली नोंद आहे. कामावर राज्याने बोलावलेले लोक आणि कायमचे कारागीर होते. त्यांना अन्न आणि निवास मिळे. वेठीचा भाग त्यात होता, हे नाकारण्याचे कारण नाही, पण साखळदंडातले गुलाम हे चित्र टिकत नाही.

राजांची दरी खोदणाऱ्यांचे तर गावच उभे आहे. देर अल-मदिना येथे एकमेकांना खेटून असलेल्या घरांच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या आहेत. रामसेस तिसरा याच्या २९व्या वर्षी, इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, धान्याचे वाटप थकल्यामुळे या कारागिरांनी काम बंद केले आणि ते देवळांच्या आवारात जाऊन बसले. इतिहासाला लेखी ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या संपांपैकी हा एक. सुट्टीच्या दिवसांत त्यांनी स्वतःसाठी केलेली लहान थडगीही तिथेच आहेत. सेन्नेजेमच्या थडग्याचा कक्ष एका मध्यम खोलीएवढा असेल. त्यात तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, नांगरताना आणि पीक कापताना दिसतात.

"उशिराची देवळे, हलवलेली देवळे; मग खरे काय?"

टॉलेमी राजे ग्रीक होते, म्हणून त्यांची देवळे नकली, असे कधी कधी ऐकू येते. पण पुरोहित, विधी आणि लिपी इजिप्शियनच होती. राजाने केवळ परवानगी, पैसा आणि नाव दिले. उलट, देवळात रोज काय चाले याची तपशीलवार माहिती या उशिराच्या भिंतींवरच अधिक कोरलेली आहे. देंडेरा येथे हथोर देवीच्या देवळाच्या छतावरची काजळी काढल्यानंतर निळा रंग पुन्हा दिसू लागला आहे. तिथल्याच तळघरातल्या एका कोरीव चित्राला इंटरनेटवर 'प्राचीन विजेचा दिवा' म्हणतात. ते कमळातून निघणाऱ्या सापाचे चित्र आहे आणि शेजारचा लेख तेच सांगतो.

हलवलेल्या देवळांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आस्वानचे मोठे धरण होऊ घातले तेव्हा नुबियाचा, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेकडचा, सखल प्रदेश पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले आणि युनेस्कोने १९६० मध्ये जगाला आवाहन केले. भारतानेही पथक पाठवले, बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले. अबू सिम्बेल येथे डोंगरात कोरलेली रामसेस दुसरा आणि राणी नेफर्तारी यांची दोन देवळे १९६४ ते १९६८ या काळात हजारावर तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर वर पुन्हा जुळवण्यात आली. त्यांच्यामागचा डोंगर आता कृत्रिम आहे. दरवर्षी २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या तारखांच्या सुमारास उगवता सूर्य मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो. चार मूर्तींपैकी पाताळाशी नाते असलेला प्ताह मात्र अंधारातच राहतो. हे घडते, कारण हलवताना दिशा काटेकोरपणे सांभाळली गेली. दगड मूळ आणि दिशा मूळ असली तरी जागा आणि डोंगर मूळ नाहीत, हे जाणून पाहावे, एवढेच.

फिलेचे इसिस देवीचे देऊळही असेच शेजारच्या अगिल्किया बेटावर नेले गेले. चित्रलिपीतला, तारीख ठाऊक असलेला शेवटचा लेख तिथे आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. पुढे सहाव्या शतकात पूजा बंद झाली आणि खांबांवर क्रूस कोरले गेले. देवळांचे धार्मिक आयुष्य मात्र सगळीकडे संपले नाही. लक्झरच्या देवळाच्या अंगणात अबू अल-हज्जाज या संताची मशीद आहे. ती बांधली तेव्हा देवळात माती भरलेली होती; नंतर माती काढल्यामुळे तिचे एक जुने दार आता अंगणाच्या वर, हवेत अधांतरी राहिले आहे. तिथे आजही नमाज होते.

शापाबद्दल थोडक्यात

तुतनखामूनच्या उत्खननाचा आश्रयदाता लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये, डासाच्या चाव्यातून झालेल्या जंतुसंसर्गाने वारला आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला. प्रत्यक्ष थडगे उघडणारा आणि वर्षानुवर्षे त्यात काम करणारा हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला.

वेळ थोडा असेल तर

गिझा टाळता येणार नाही, पण त्याला अर्धा दिवस द्यावा आणि उरलेला सक्काराला. लक्झरला किमान तीन दिवस ठेवावेत; पश्चिमतीरावर मेदिनेत हबू हे रामसेस तिसरा याचे देऊळ सहसा यादीच्या तळाशी असते, तरी त्याचे रंग आणि शत्रूंच्या तोडलेल्या हातांचे ढीग मोजणारे लेखनिक पाहिल्यावर ते वर का नाही, असा प्रश्न पडतो. एक जास्तीचा दिवस मिळाला तर अबिडोसला जावे. सेती पहिला याच्या तिथल्या देवळातील उठावकाम अतिशय नाजूक आहे, आणि भिंतीवर कोरलेल्या ७६ राजनामांच्या यादीत हत्शेप्सुत आणि तुतनखामून ही नावे मुद्दाम गाळलेली आहेत.

राजांच्या दरीचे साधे तिकीट तीन थडग्यांपुरते असते. तुतनखामून, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांच्या थडग्यांसाठी वेगळे पैसे पडतात. तुतनखामूनचे थडगे लहान आहे आणि त्यातल्या वस्तू आता गिझाला आहेत, तेव्हा पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर रामसेसांच्या थडग्याकडे जावे. तिथे दफनकक्षाच्या छतावर आकाशदेवी नूत संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला पुन्हा जन्म देते.

आत शिरताना वेळेचा एक हिशेब मात्र लक्षात ठेवावा. बंद राहण्यासाठी खोदलेल्या या कक्षांत माणसांच्या श्वासाने आणि घामाने दमटपणा वाढतो, खडकातले क्षार वर येतात आणि त्यांच्याबरोबर रंगवलेला गिलावा सुटतो. नेफर्तारीच्या थडग्यात हे नुकसान इतके झाले होते, की १९८६ ते १९९२ या काळात तज्ज्ञांना ते तुकड्यातुकड्याने सावरावे लागले. नंतर तिथे एका वेळी मोजक्याच माणसांना, मोजक्याच मिनिटांसाठी सोडले जाऊ लागले. तुतनखामूनच्या दफनकक्षाची हुबेहूब प्रतिकृती २०१४ पासून कार्टरच्या जुन्या घराशेजारी उभी आहे. तिच्यात हवे तितका वेळ थांबता येते आणि भिंतींवरचे डागसुद्धा मूळ थडग्याइतकेच बारकाईने उतरवलेले आहेत.